वस्तुसंग्रहालये : स्मृती, अस्मिता आणि समेट

नायक यशवंत घाडगे यांची हकीकत आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचा हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार अथवा जखमी झाला. तो एकटा पुढे धावला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन आणि ती चालविणारा यांस निकालात काढले, दुसऱ्यास गोळी घातली, आणि काडतुसांचा नवा साठा भरण्यास उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्याने ठार केले. त्यानंतर दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो स्वतः कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघे २२ वर्षांचे.

ही हकीकत ऐकताना मुलांचे डोळे चमकतात. परंतु एके वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उठून विचारले, "सर, आपल्या जवानाचे नाव सर्वांना माहीत आहे. ते जे चार जण मेले, त्यांची नावे कोठे लिहिली आहेत?" वर्गात थोडा हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. आणि हा प्रश्न आपल्यालाही पडावयास हवा होता, ही टोचणी मनास लागून राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा घेतलेला मागोवा होय.

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. स्मारक आणि वस्तुसंग्रहालय हे शब्द आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांची कार्ये भिन्न आहेत. स्मारक आपणांस नतमस्तक व्हावयास सांगते. संग्रहालय डोळे उघडून पाहावयास सांगते. स्मारकासमोर प्रश्न विचारणे औचित्यास सोडून होईल. संग्रहालयात प्रश्न न विचारणे हाच दोष ठरेल. स्मारकावर एकाच बाजूची नावे कोरलेली असतात, आणि त्यात गैर असे काही नाही, कारण आपल्या मृतांसाठी शोक करण्याचा अधिकार प्रत्येक समाजास आहे. परंतु ज्या समाजापाशी केवळ स्मारकेच आहेत आणि संग्रहालये नाहीत, त्याची स्मृती अपुरी राहते. त्याला आपल्या जखमा पाठ असतात. त्या कशा झाल्या, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

आमच्या बेळगावात या दोन्ही गोष्टी एकाच लष्करी आवारात पाहावयास मिळतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावशी निगडित आहे. तेथे शरकत युद्धस्मारक आहे आणि रेजिमेंटचे स्वतःचे संग्रहालयही आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली. म्हणजे पानिपतानंतर अवघ्या सात वर्षांनी कंपनी सरकारच्या चाकरीत दाखल झालेली ही पलटण! पेशवाई तेव्हा नांदत होती. पुढे १८१८ मध्ये ती बुडाली तेव्हा मराठी माणूस दोन्ही बाजूंस उभा होता. अस्मिता ही एकसंध शिळा आहे असे मानणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा. आज ज्या गणवेशाचा आपणांस रास्त अभिमान वाटतो, तो गणवेश कोणासाठी चढविला गेला होता, हे प्रामाणिकपणे सांगण्याचे धैर्य पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते. संग्रहालयात मात्र जुने बिल्ले, निशाणे आणि नावातील फेरबदल क्रमाने मांडले की ही गुंतागुंत आपोआप उलगडू लागते.

याच रेजिमेंटच्या पूर्वसुरींनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियामध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमारा येथे वेढा सोसला. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, सेनापती टाउनशेंड यांनी तुर्कांपुढे शरणागती पत्करली. अन्नाअभावी घोड्यांचे मांस खाण्याचा प्रसंग आला तेव्हा कित्येक हिंदी शिपायांनी धर्मभावनेमुळे ते दीर्घकाळ नाकारले. शरणागतीनंतर अनेकजण तुर्कांच्या कैदेत मरण पावले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या भागांतील घरांतून ही माणसे गेली होती. त्यांच्या कथा आपल्या साहित्यात कितीशा आल्या? विजयाची गाणी होतात, वेढ्याची होत नाहीत. पराभवाची स्मृती जपावयाची तर ती एखादा पाण्याचा डबा, एखादे कैदेतील पत्र, एखादी हजेरीवही यांच्याच आधारे जपता येते. अशी वस्तू बोलत नाही, आणि म्हणूनच ती खोटेही बोलत नाही. तिच्याखाली जी चिठ्ठी लावलेली असते, ती मात्र खरेही बोलू शकते आणि खोटेही. संग्रहालयाचे सारे शील त्या चिठ्ठीत असते.

याचे एक ताजे उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेलच. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाली. ती साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्याकडून त्या संग्रहात पोहोचली होती. अफझलखानाच्या प्रसंगी शिवछत्रपतींनी वापरलेली वाघनखे ती हीच, असे निश्चयाने सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. पुष्कळांस हे रुचले नाही. आम्हांस मात्र त्यात संग्रहालयाचा धर्मच दिसला. आपल्यापाशी असलेल्या वस्तूचे मोल वाढविण्याचा मोह टाळून "इतके ठाऊक आहे, याहून अधिक ठाऊक नाही" असे म्हणणे हीच विद्येची पहिली पायरी होय. शिवछत्रपतींचे थोरपण एका वस्तूच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. त्यामुळे सत्याची भीती बाळगण्याचे आपणांस कारण नाही.

आता इटलीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनमधील ५०,००० हून अधिक जवान लढले. त्यांपैकी ५,७८२ जणांनी तेथे देह ठेवला. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतील सहा हिंदी जवानांस मिळाले, आणि त्या सहांत दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे होते. घाडगे यांचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरे शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले आणि मग शत्रूच्या तीन मशीनगन एकट्याने बंद पाडल्या. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांच्या पराक्रमाचा आरंभ मारण्यापासून नव्हे, तर वाचविण्यापासून झाला.

या इटलीशी मराठा जवानांचा संबंध मोठा विलक्षण आहे. १९४१ च्या मार्चमध्ये पूर्व आफ्रिकेत केरेन येथे मराठा पलटणी लढल्या तेव्हा समोर इटालियन सैन्य होते. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" हा रेजिमेंटचा जयघोष त्याच मोहिमेपासून रूढ झाल्याचे रेजिमेंटची परंपरा सांगते. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शस्त्रे खाली ठेवली आणि त्यानंतर याच पलटणी इटालियन गावांतून जर्मनांस मागे रेटीत गेल्या. दोन वर्षांपूर्वीचा शत्रू आता ज्याची मुक्तता करावयाची तो यजमान झाला. शत्रुत्व हा माणसाचा स्वभाव नसून एक प्रसंग असतो, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते द्यावे?

२०२३ च्या जुलैमध्ये इटलीतील पेरूजा प्रांतातील मोंतोने या लहानशा गावाने यशवंत घाडगे यांच्या नावे एक स्मारक उभारले. ते तलवारीचे नाही, पुतळ्याचे नाही. ती एक सूर्यघटिका आहे. तिच्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ असा : आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. पळसगावच्या एका शेतकऱ्याच्या मुलासाठी सातासमुद्रांपलीकडील गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनंतर हे करावे, ही गोष्ट साधी नाही. त्यासाठी त्या गावातील कोणीतरी जुने कागद चाळले असतील, वृद्धांच्या आठवणी ऐकल्या असतील, परभाषेतील एका नावाचे उच्चार शिकून घेतले असतील. समेट म्हणजे भाषणे नव्हेत. समेट म्हणजे हे कष्ट.

आणि त्या विद्यार्थिनीचा प्रश्न? फ्लॉरेन्स आणि बोलोन्या यांच्यामधील फूता घाटात १९६९ साली एक जर्मन दफनभूमी पूर्ण झाली. इटलीत पडलेल्या ३०,००० हून अधिक जर्मन सैनिकांची थडगी तेथे आहेत. ज्या देशाने जर्मनांचे अत्याचार सोसले, त्याच देशाच्या डोंगरावर ही जागा त्यांना मिळाली. अशा जागी घाडग्यांसमोर उभ्या राहिलेल्या चौघांसारख्यांची नावे कोरलेली असतात. आमचे उत्तर आम्ही पुढच्या तासाला वर्गात सांगितले, तेव्हा कोणी हसले नाही.

युरोपात या विचाराने संग्रहालयाची रचनाच कशी पालटली, याचा उत्तम नमुना फ्रान्समधील पेरोन येथे पाहावयास मिळतो. सोमच्या रणक्षेत्रावरील या गावी १९९२ मध्ये पहिल्या महायुद्धाचे एक संग्रहालय उघडले. तेथे फ्रेंच, जर्मन आणि ब्रिटिश या तिन्ही बाजूंच्या वस्तू शेजारी शेजारी, एकाच मापाने मांडल्या आहेत. सैनिकांचे गणवेश ताठ उभ्या पुतळ्यांवर चढविलेले नाहीत. जमिनीत कोरलेल्या उथळ खळग्यांत ते आडवे ठेवले आहेत. पाहणाऱ्यास मान खाली घालून पाहावे लागते, आणि खंदकाचीही आठवण होते, थडग्याचीही. तीन गणवेश, तीन भाषांतील पत्रे, तीन प्रकारची खेळणी. परंतु त्यांतील भीती एकच, घरची ओढ एकच. जेत्याच्या दालनात जेत्याचा जयजयकार आणि जिताच्या दालनात जिताचा आक्रोश, ही जुनी रीत येथे मोडली आहे. २००६ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून शालेय इतिहासाचे एक सामाईक पाठ्यपुस्तक काढले, तेही याच मार्गावरील पाऊल होते. सत्तर वर्षांत तीन युद्धे लढलेल्या दोन राष्ट्रांची मुले एकच धडा वाचू शकतात, हे शिक्षकांनी विसरू नये.

अर्थात संग्रहालय म्हटले की समेट होतोच, असा भाबडा समज करून घेण्याचे कारण नाही. तोकियोमधील यासुकुनी देवस्थानाला जोडलेले युशुकान हे युद्धसंग्रहालय जपानी सैनिकांच्या त्यागाचा गौरव करते. परंतु चीन व कोरिया या देशांनी जे सोसले, त्याचे प्रतिबिंब तेथे पडत नाही, हा आक्षेप शेजारी राष्ट्रांनी वारंवार घेतला आहे. याउलट हिरोशिमाचे शांतिसंग्रहालय १९५५ पासून जळालेली घड्याळे आणि मुलांचे जेवणाचे डबे दाखवून साऱ्या जगास अणुयुद्धापासून परावृत्त होण्याचे आवाहन करीत आले आहे. एकाच देशातील ही दोन घरे. एक जुनी जखम धगधगती ठेवते, दुसरे ती धुऊन काढते. फरक वस्तूंत नाही, त्या मांडणाऱ्याच्या दृष्टीत आहे.

इतक्या दूर न जाताही एक उदाहरण हाताशी आहे. निपाणीहून कोल्हापूरच्या वाटेला लागले की तासाभरात वळिवडे गाठता येते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरियाकडे हद्दपार केले होते. पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे ती येथवर आली. त्यांच्यातील कित्येकींचे पती, पुत्र, बंधू हे सेनापती आंडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते, आणि याच सैन्याने १८ मे १९४४ रोजी इटलीतील मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर आपला झेंडा रोवला. त्याच कासिनोसाठी चौथी हिंदी डिव्हिजन आधीच्या महिन्यांत रक्त सांडून गेली होती, आणि आठवी हिंदी डिव्हिजन मे महिन्याच्या चढाईत होती. म्हणजे पंचगंगेच्या काठच्या घरांतील तरुण इटलीत लढत असताना, त्यांच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश सैनिकांची मुले पंचगंगेच्या काठी शाळा शिकत होती! छावणी रिकामी झाल्यावर फाळणीने उखडलेल्या सिंधी बांधवांस तेथे आसरा मिळाला आणि आजचे गांधीनगर वसले. एकाच जागेने दोन निर्वासित जनसमूहांस पोटाशी धरल्याचे हे उदाहरण आहे. पोलंडमधील लोक हे विसरले नाहीत. वॉर्सा येथे या छावणीचे स्मारक उभे आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. सीमाभागातील किती शाळांनी आपली मुले वळिवड्यास नेली आहेत, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो आणि मान खाली घालतो.

येथवर आलो म्हणजे ज्या विषयास आम्ही अद्याप हात घातला नाही, तो टाळता येत नाही. आमच्या वडगावात मागाचा खडखडाट दिवसभर ऐकू येतो. त्या मागावर ताणा एका भाषेचा आणि बाणा दुसऱ्या भाषेचा असे कोणी विचारीत नाही; विणकरांच्या ओटीवर मराठी आणि कन्नड एकाच श्वासात बोलल्या जातात. तरीही सीमाप्रश्नाची जखम येथे ओली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. त्याआधी १७ जानेवारी १९५६ रोजी येथील आंदोलनात माणसे गोळीबारात मरण पावली, आणि तो दिवस दरवर्षी हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हे युद्ध नव्हे, आणि याला युद्ध म्हणणे हा अविवेक होईल. परंतु युद्धानंतर जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील पुष्कळ येथेही उभे आहेत : कोणाची आठवण खरी, कोणाचे दुःख मोजावयाचे, मुलांना काय सांगावयाचे.

२०२१ च्या डिसेंबरात बंगळुरात शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली, आणि पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. रायण्णा हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे शूर अनुयायी; १८३१ मध्ये इंग्रजांनी त्यांस खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी दिले. ज्या परकीय सत्तेने साताऱ्याचे राज्य खालसा केले, तिनेच कित्तूर गिळले. शिवछत्रपती आणि रायण्णा हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी कधीच नव्हते; त्यांना तसे केले ते आपण, कारण आपण त्यांना चौथऱ्यावर चढविले आणि त्यांच्याविषयी वाचणे सोडून दिले. पुतळा भावना जागवितो. त्या भावनेस ज्ञानाचे वळण लावण्यास संग्रहालय लागते.

आमची सूचना अशी आहे. बेळगाव परिसराचे एक दुभाषिक संग्रहालय असावे, आणि त्यातील प्रत्येक चिठ्ठी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत, एकाच आकाराच्या अक्षरांत असावी. त्यात १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे दालन असावे. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. टिळकांचे अनुयायी, 'कर्नाटकसिंह' गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले, आणि अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी तेथे कन्नड स्वागतगीत गायिले, ज्यांच्या गायनावर पुढे साऱ्या मराठी रसिकांनी जीव ओवाळून टाकला. शेजारीच १९४६ च्या बेळगाव साहित्यसंमेलनाचे दालन असावे. ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि मराठी माणसाची ही आकांक्षा त्यात निःसंकोचपणे मांडलेली असावी. १९५६ च्या मृतांची छायाचित्रे असावीत. कन्नड बांधवांस जे सलते, तेही त्यांच्याच शब्दांत असावे. आणि एका दालनात मागही असावा.

यावर आमचे काही मित्र विचारतील, "समेट म्हणजे आपला हक्क सोडणे काय?" मुळीच नाही. हक्काचा निवाडा न्यायालयात आणि लोकशाहीच्या मार्गाने व्हावयाचा आहे, तो होवो. आमची स्वतःची भूमिका मराठी शाळेत आयुष्य घालविणाऱ्या माणसाची जी असावयाची, तीच आहे. परंतु निवाडा कोणताही झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावच्या नळावर तीच माणसे एकत्र येणार आहेत. दाव्याची कागदपत्रे वकील सांभाळतील. शेजारधर्म कोण सांभाळणार? समेट म्हणजे विस्मरण नव्हे. उलट, दुसऱ्याचीही आठवण आपल्या आठवणीत सामावून घेणे, म्हणजे अधिक स्मरण करणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

असे संग्रहालय उभे राहीपर्यंत शिक्षकांनी थांबावयाचे कारण नाही. वर्गाच्या एका कपाटातही त्याचा आरंभ करता येतो. मुलांनी घरातील एक जुनी वस्तू आणावी : आजोबांचे लष्करी बिल्ले, सांगली संस्थानातील एखादी पावती, मागाचा धोटा, कन्नड आजीने मराठी सुनेस दिलेले भांडे. प्रत्येक वस्तूखाली तीन ओळी लिहाव्या : ही कोणाची, हिच्याविषयी काय निश्चित ठाऊक आहे, आणि हिची हकीकत दुसऱ्या बाजूने कोण सांगू शकेल. ही तिसरी ओळ लिहिण्याची सवय ज्या मुलास लागली, त्याच्या हातून पुतळ्यावर शाई फेकली जाणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

आमच्या शाळेत असे एक कपाट गेल्या वर्षी केले. त्यात पहिली वस्तू म्हणून मोंतोनेच्या सूर्यघटिकेचे, वर्तमानपत्रातून कापलेले चित्र लावले आहे. त्याखालची तिसरी ओळ त्या विद्यार्थिनीनेच लिहिली : "ते चार जण कोणाची तरी मुले होती."